हेरकथांचे जुने पेपरबॅक आणि त्यांची मुखपृष्ठं

कव्हरवेडा

मंडळी, या विषयावर वेगळा धागा सापडला नाही म्हणून काढतोय. मी हेरकथांचे जुने इंग्रजी पेपरबॅक जमवतो, साधारण १९५० ते १९७० या काळातले. जमवतो ते मुखपृष्ठांसाठी. निम्म्याहून जास्त वाचलेले नाहीत आणि वाचेन असंही वाटत नाही. काही कथा तर दहाव्या पानावरच मान टाकतात, पण कव्हर असं की फ्रेम करून लावावं.

माझं एक मत आहे. त्यावर भांडण होणार हे माहीत आहे, म्हणून आधीच मांडतो. हेरकथेचं मुखपृष्ठ १९६२ साली बदललं आणि ते एका माणसाने बदललं: ब्रिटिश डिझायनर रेमंड हॉकी.

तोपर्यंत कव्हर म्हणजे रंगवलेलं चित्र. पिस्तूल रोखलेला नायक, त्याच्या मागे नाहीतर पायाशी एखादी बाई, आणि परदेश कळावा म्हणून कोपऱ्यात एखादा घुमट. ब्रिटनच्या पॅन बुक्सने १९५५ मध्ये इयन फ्लेमिंगचं 'कॅसिनो रोयाल' पेपरबॅकमध्ये काढलं, त्यावर रॉजर हॉलचं चित्र होतं. पुढच्या बऱ्याच बाँड पुस्तकांची चित्रं सॅम पेफरने काढली. चित्रं वाईट नाहीत, माझ्याकडे आहेत आणि मी ती जपतो. पण त्यांतला हेर नटासारखा दिसतो. कॅमेऱ्याकडे बघून उभा राहिलेला.

मग १९६२ मध्ये लेन डेटनचं 'द इप्क्रेस फाईल' आलं. हॉडर अँड स्टॉटनचं हार्डबाउंड, म्हणजे धाग्याच्या विषयात नेमकं बसत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं काही सांगता येत नाही. पांढरी शुभ्र पार्श्वभूमी आणि कृष्णधवल फोटो. फोटोत रिव्हॉल्व्हर, कप, विझवलेली सिगरेट, पेपर क्लिपा. माणूस नाहीच. कोणीतरी टेबलावरून आत्ताच उठून गेलंय एवढंच कळतं. हेर हा मुळात सरकारी नोकर आहे, त्याचं टेबल आहे, त्याच्या टेबलावर खरकटा कप आहे, हे त्या कव्हरने पहिल्यांदा सांगितलं.

पुढच्याच वर्षी हॉकीने पॅनसाठी बाँडच्या 'थंडरबॉल'चं कव्हर केलं. उघड्या कातडीचा फोटो आणि त्यात गोळीची दोन भोकं. छापलेली नव्हेत, खरोखर कव्हर आरपार कापून पाडलेली. कव्हरवर बोट फिरवलं की कडा हाताला लागते, आणि भोकातून आतलं पान दिसतं. या पुस्तकाची धड प्रत मिळणं कठीण, कारण हाताळणाऱ्या प्रत्येकाचं बोट नेमकं तिथेच जातं आणि भोकाच्या कडेपासून चीर निघते.

त्याच मालिकेत हॉकीने आणखी एक गोष्ट केली. 'जेम्स बाँड' ही अक्षरं पुस्तकाच्या नावापेक्षाही मोठी केली. लेखकापेक्षा आणि शीर्षकापेक्षा पात्र मोठं. आज मालिकांच्या पुस्तकांवर हे सर्रास दिसतं, तेव्हा नवं होतं.

तुमच्याकडे काय काय आहे, लिहा.

रेघोटी

वाचनखूण साठवली. हॉकीबद्दल सहमत, पण '१९६२ ला एका माणसाने बदललं' हे काही पटलं नाही. पेंग्विनला विसरलात का?

पेंग्विनमध्ये जेर्मानो फाचेत्ती कला-विभाग सांभाळत होता. त्याने १९६१ मध्ये रोमेक मार्बर या डिझायनरला गुन्हेकथांच्या मालिकेसाठी नवी मांडणी करायला सांगितलं. मार्बरने केलेली चौकट आजही डिझाइनच्या वर्गात शिकवतात. कव्हरचा वरचा साधारण तिसरा हिस्सा अक्षरांचा: बोधचिन्ह, मालिका, किंमत, मग शीर्षक, मग लेखक, मध्ये बारीक आडव्या रेघा. खालचे दोन हिस्से चित्राला मोकळे. टाईप (अक्षरांचं वळण) अक्त्सिडेंत्स ग्रोटेस्क, अक्षरं सगळी डावीकडून. पेंग्विनच्या गुन्हेकथांचा हिरवा रंग १९३५ पासूनच्या परंपरेतला, तो मार्बरने ठेवला, फक्त ताजा केला.

गंमत अशी की ही चौकट इतकी पक्की आहे की आतलं चित्र कितीही विचित्र असलं तरी दहा फुटांवरून कळतं, हे पेंग्विनचं क्राइम. आणि आतली चित्रं विचित्रच असत. कागद कापून चिकटवलेले, फोटोचे निगेटिव्ह, नुसती सावली. हेरकथाही याच हिरव्या मालिकेत येत. हॉकीच्या टेबलाच्या एक वर्ष आधी माणूस कव्हरवरून उठून गेलेला होता.

जाता जाता: फाचेत्ती आणि मार्बर दोघंही नाझी छळछावण्यांतून वाचून आलेले. मार्बरच्या त्या पांढऱ्या, काळ्या, चेहरा नसलेल्या आकृत्या बघताना मला ते विसरता येत नाही. त्यावर सिद्धांत मांडणार नाही.

पेंटरबाबू

झाला का पुन्हा तोच सूर सुरू, की रंगवलेलं म्हणजे जुनाट आणि फोटो म्हणजे अक्कल!

तुम्ही दोघंही फक्त ब्रिटनबद्दल बोलताय. अमेरिकेत याच काळात चित्रकारांची चलती होती आणि तिथली कव्हरं कशालाही हार जाणारी नाहीत. रॉबर्ट मॅकगिनिसचं नाव धाग्यात अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. १९२६ चा जन्म, २०२५ मध्ये गेला. पेपरबॅकची बाराशेच्या वर कव्हरं. 'थंडरबॉल' आणि 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या बाँडपटांच्या पोस्टरांवरही त्याचा हात आहे. एडवर्ड आरन्सच्या सॅम ड्युरेल या हेराच्या मालिकेची त्याने केलेली कव्हरं बघा. पार्श्वभूमी बहुतेक मोकळी, एकच आकृती, आणि ती आकृती जाणूनबुजून लांबवलेली. हा माणूस एग टेम्पेरामध्ये काम करायचा, अंड्याच्या बलकात रंग कालवून! पंचवीस-पस्तीस सेंटच्या पुस्तकाच्या कव्हरला!

आणि अमेरिकेत चित्र का टिकलं याला कारण आहे. तिथे पेपरबॅक औषधांच्या दुकानात, स्टेशनावर, वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर तारेच्या फिरत्या स्टँडमध्ये विकला जायचा. गिऱ्हाईक पुस्तक घ्यायला आलेलंच नसायचं. त्याला जाता जाता थांबवायचं काम कव्हरचं. तिथे मार्बरची चौकट ठेवली असती तर धूळ खात पडली असती.

कव्हरवेडा

@रेघोटी, मार्बरचा मुद्दा मान्य. तरी माझं म्हणणं असं की मार्बरचं कव्हर हे गुन्हेकथेचं आहे, खास हेरकथेचं नाही. खुनाच्या पुस्तकावरही तेच, हेराच्या पुस्तकावरही तेच. हॉकीने हेराला स्वतःचं सामान दिलं. पुढची दहा वर्षं पासपोर्ट, शिक्के, टाइप केलेले कागद, काडेपेट्या यांचा जो पाऊस पडला तो त्या टेबलावरून.

@पेंटरबाबू, मॅकगिनिसबद्दल वाद नाही. पण त्याच्या कव्हरवरून कथा हेराची आहे की खासगी डिटेक्टिव्हची की नवऱ्याला सोडून निघालेल्या बाईची, हे सांगता येतं का?

पेंटरबाबू

नाही येत. बिघडलं काय?

आगाऊ_वाचक

काका, न वाचता पुस्तकं जमवणं म्हणजे पाकिटं जपून पत्रं फेकून देण्यासारखं आहे असं नम्रपणे सुचवतो. डेटन तर वाचाच. आणि कव्हरवाल्यांना आवडेल अशी माहिती: डेटन स्वतः चित्रकार. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला, हॉकीशी मैत्री तिथलीच. जॅक केरुअॅकच्या 'ऑन द रोड'ची १९५८ ची पहिली ब्रिटिश आवृत्ती आहे ना, तिचं जॅकेट डेटनचं. म्हणजे 'इप्क्रेस'चं कव्हर चांगलं निघालं यात लेखकाला डिझाइन कळत होतं याचाही वाटा असणार. कुठलाही लेखक आपल्या पहिल्या पुस्तकावर खरकटा कप चालवून घेत नाही.

नवीन_नाही_मी

कोणी तरी बोलायलाच हवं म्हणून बोलते. पेंटरबाबू, त्या 'जाणूनबुजून लांबवलेल्या' आकृत्या नव्वद टक्के वेळा अर्धवट कपड्यांतल्या बायका आहेत, आणि त्या बाईचं कथेत बऱ्याचदा दीड पानाचं काम असतं. १९६४ पासून अॅवॉर्ड बुक्सने काढलेली निक कार्टरची 'किलमास्टर' मालिका घ्या. लेखकाचं खरं नावच नाही, प्रकाशकाने ठेवलेलं सामाईक टोपणनाव, आणि कव्हरवर तोच मसाला वर्षानुवर्षं.

मी जमवत नाही असं नाही. माझ्याकडेही आहेत. पण मी ती जमवते ती त्या काळाने बाईकडे कसं पाहिलं याचा पुरावा म्हणून. शेजारी शेजारी मांडली की फार बोलतात. १९५० च्या सुरुवातीला बाई घाबरलेली, ओरडणारी. १९६० च्या आसपास तिच्याच हातात पिस्तूल येतं. १९७० कडे ती सरळ वाचकाकडे बघते आणि हेर कुठेतरी मागे, पोस्टाच्या तिकिटाएवढा. हे माझ्या कपाटापुरतं निरीक्षण, नियम म्हणून सांगत नाही.

पेंटरबाबू

मुद्दा बिनतोड. मॅकगिनिसच्या बायका वाचकाकडे बघतात त्या मात्र वाचकाची कीव केल्यासारख्या बघतात, एवढं त्याच्या बाजूने नोंदवा.

गोगलगाय

छान चर्चा. मी अगदी नवखी आहे. माझ्याकडे ब्रिटिश पेपरबॅक आहेत त्यांतल्या काहींवर साल धड कळत नाही. आत पहिल्या प्रकाशनाचं साल दिलेलं असतं, पण पुस्तक तर नंतरचं वाटतं. कव्हर कुठल्या सालचं आहे हे कसं ओळखायचं?

छापखाना

@गोगलगाय, शीर्षकपानाच्या मागे मुद्रणाची यादी असते. तिथली पहिली ओळ न बघता शेवटची ओळ बघा. पहिली ओळ पुस्तकाचा जन्म सांगते, शेवटची तुमच्या हातातल्या प्रतीचा. कव्हर दर पुनर्मुद्रणाला बदलू शकतं, त्यामुळे कव्हर जमवणाऱ्याला पहिल्या आवृत्तीपेक्षा नेमकी कुठली छपाई हे महत्त्वाचं.

यादी नसेल किंवा पान गेलं असेल तर कव्हरच साक्ष देतं.

किंमत बघा. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान चलन घेतलं. त्याआधीची किंमत शिलिंग-पेन्समध्ये, 2/6 किंवा 3/6 अशी तिरक्या रेघेने. 3/6 म्हणजे नव्या हिशोबात साडेसतरा पेन्स. दोन्ही किमती एकाखाली एक छापलेल्या असतील तर प्रत त्या बदलाच्या आगेमागची, याबद्दल शंका ठेवू नका.

मग नंबर बघा. ब्रिटनमध्ये १९६७ च्या सुमारास नऊ आकडी एसबीएन (प्रत्येक पुस्तकाचा ओळख क्रमांक) सुरू झाला, १९७० मध्ये त्याचा दहा आकडी आयएसबीएन झाला. जुन्या नऊ आकड्यांपुढे शून्य लावलं की तोच नंबर नवा होतो. म्हणजे नऊ आकडी नंबर आणि शिलिंगमधली किंमत असेल तर तुमची प्रत साधारण १९६७ ते १९७० मधली. नंबरच नसेल आणि किंमत शिलिंगमध्ये असेल तर बहुधा त्याआधीची. मलपृष्ठावर बारकोड असेल तर ते पुस्तक या धाग्यासाठी फारच तरुण आहे.

अमेरिकन पुस्तकांत वेगळी भानगड. तिथे शीर्षकंच बदलायचे. 'कॅसिनो रोयाल' १९५५ मध्ये पॉप्युलर लायब्ररीने 'यू आस्क्ड फॉर इट' या नावाने काढलं, 'मूनरेकर' पर्मा बुक्सने 'टू हॉट टू हँडल' म्हणून. शोधयादीत मूळ नाव टाकून बसलात तर ही दोन्ही हातची जातील.

गोगलगाय

वा! लगेच दोन पुस्तकांची सालं लागली. एकावर दोन्ही किमती आहेत. आणखी एक विचारते: हिरव्या कव्हरांचे कणे निळसर का झालेत? पुढचं कव्हर अजून हिरवं आहे.

छापखाना

ऊन. हिरवी शाई पिवळी आणि निळी मिळून झालेली असेल तर उजेडात पिवळी आधी उडते, मागे निळा उरतो. चार रंगांच्या छपाईतही पिवळा आणि मॅजेंटा कच्चे, निळा आणि काळा त्यामानाने चिवट. म्हणून उन्हात राहिलेल्या कव्हरवरचं लाल रक्त फिकट गुलाबी होतं आणि माणसं आजारी निळी दिसतात. हा रंग परत येत नाही. फक्त पुढचं थांबवता येतं: कपाट खिडकीच्या समोर नको.

रात्रपाळी

छापखाना, जपण्याबद्दल सविस्तर लिहाल का? माझ्याकडच्या प्रतींचे कणे उघडताना कडकड वाजतात आणि पानं सुटी होतात.

छापखाना

लिहितो. या पुस्तकांना शिलाई नसते. पानांच्या कडा एका बाजूने छाटून सरसाने किंवा गरम गोंदाने कव्हरला चिकटवलेल्या असतात. पन्नास-साठ वर्षांत तो गोंद वाळून काचेसारखा होतो. पुस्तक सपाट उघडलं की तो मध्येच तुटतो आणि पानांचा गठ्ठा सुटतो. उपाय एकच: नव्वद अंशांच्या पुढे उघडू नका. वाचायचंच असेल तर त्याच पुस्तकाची दुसरी, मोडकी प्रत घ्या. (कव्हरवेडा यांना हा प्रश्न पडत नाही.)

कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) काढलेलं नसतं. हवा आणि उजेड लागला की तो पिवळा पडतो, आम्ल तयार होतं, आणि कडेपासून आत ठिसूळ होत जातो. घरच्या घरी हे उलटवता येत नाही.

पुस्तकं उभी ठेवा, पण कोंबू नका. कोंबलेलं पुस्तक ओढून काढताना कण्याचं वरचं टोक फाटतं, आणि सैल ठेवलं तर कलून त्याचा कणा कायमचा वाकडा होतो. प्लॅस्टिकचं पाकीट घालायचं तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं. पीव्हीसी नको, ते कालांतराने चिकट होऊन शाई ओढतं. फाटलेल्या कव्हरला सेलोटेप तर चुकूनही लावू नका. टेप गळून पडते, तिचा तपकिरी डाग राहतो.

कसर लागली असेल तर पुस्तक पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे अठराला चांगले दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दव धरतं.

रेघोटी

छापखाना यांचे प्रतिसाद एकत्र करून वेगळा धागा करा कोणीतरी.

कव्हरांकडे परत येते. डेल या अमेरिकन प्रकाशकाच्या नकाशावाल्या पुस्तकांचा उल्लेख राहिला. १९४३ पासून पुढची सात-आठ वर्षं डेलने पेपरबॅकच्या मलपृष्ठावर कथेच्या जागेचा रंगीत नकाशा छापला. घर, गल्ली, बेट, कधी अख्खं शहर. अशी पाचशेच्या वर पुस्तकं निघाली. रहस्यकथा जास्त, पण हेरगिरीचीही आहेत. डेलचं चिन्ह कुलुपाचं भोक आणि त्यातून बघणारा डोळा. हेरकथेला याहून चांगलं चिन्ह कुठलं असणार? इथे पुढच्या चित्राइतकंच मागचं महत्त्वाचं, म्हणून मी ही पुस्तकं पाठमोरी लावलेली आहेत. घरचे हसतात.

आगाऊ_वाचक

चित्रकारांची नावं कुठे मिळतात? माझ्याकडच्या पॅनच्या पुस्तकांत तर कुठेच उल्लेख नाही.

कव्हरवेडा

हीच खरी रड आहे. साठच्या दशकातल्या पेंग्विनच्या मलपृष्ठावर बहुतेक वेळा कव्हर कोणाचं ते बारीक अक्षरात दिलेलं असतं. पॅनच्या जुन्या पुस्तकांत ते नाही. तिथे चित्रातच सही शोधावी लागते. पेफर 'पेफ' अशी सही करायचा. ती सहसा खालच्या कोपऱ्यात असते, पण चित्र पुस्तकाच्या मापाला छाटताना किंवा वर किमतीचा ठिपका बसवताना निम्मी सही गेलेली असते. भिंग घेऊन चित्राच्या गडद भागातही बघा. काळ्यावर गडद तपकिरी रंगात सही करणारे लोक होते.

सही नसेल तर हाताची ठेवण. बोटं, कोटाच्या सुरकुत्या, उजेड कुठून येतो. पण यात फसायला होतं, कारण प्रकाशकाला एक कव्हर चाललं की तो बाकीच्यांकडून तसंच मागायचा.

पेंटरबाबू

शिवाय मूळ चित्रं बहुतेक गेली. कव्हरपेक्षा बरीच मोठी काढायचे, छपाईत लहान व्हायची. छपाई झाली की बोर्ड कुठेतरी पडून, मग कचऱ्यात. चित्रकारालाही ती परत हवी असायचीच असं नाही, पुढचं काम अंगावर असायचं. म्हणून पेपरबॅक हेच बऱ्याच चित्रांचं उरलेलं एकमेव रूप आहे. आणि अमेरिकेत फॉसेट प्रकाशनाच्या गोल्ड मेडलसारख्या ठिकाणी तर कादंबरी थेट पेपरबॅकमध्येच निघायची, आधी हार्डबाउंड नाहीच. डोनाल्ड हॅमिल्टनची मॅट हेल्म मालिका १९६० पासून तशीच निघाली. तिथे पहिली आवृत्ती म्हणजेच हे कव्हर.

नवीन_नाही_मी

मग सही नसलेल्या कव्हरांची एक यादी करूया का इथेच? प्रकाशक, पुस्तकाचा क्रमांक, छपाईचं साल, आणि चित्रातली एखादी ओळखू येईल अशी लकब. फोटो चढवताना कव्हर सरळ वरून घ्या, फ्लॅश नको, आणि कण्याचा एक वेगळा. मी सुरुवात करते. पॅन, किंमत 2/6, एसबीएन नाही. पावसात उभा माणूस, टोपी डोळ्यांवर, डाव्या हाताची करंगळी विचित्र वाकलेली. अशीच करंगळी माझ्याकडच्या आणखी दोन कव्हरांवर आहे, वेगळ्या लेखकांच्या. फोटो रात्री टाकते.

पेंटरबाबू

करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली आहे का? तसं असेल तर माझ्याकडेही एक आहे, पण ते फोंटाना प्रकाशनाचं. मोठं करून टाका.